एकलव्य कोणाचा ?

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत; आणि पुराण ऐकावयास बसलेला श्रोता नेमकें तेंच करीत आला आहे. कथेंत कोणी नवा मनुष्य आला, कीं "हा कोणाचा कोण ?" हा प्रश्न माजघरांतून हटकून येतो. मुख्य नायकांचीं कुळें सर्वांना पाठ असतात; म्हणून ही जिज्ञासा दुय्यम पात्रांवर अधिक तुटून पडते. ज्याच्याविषयीं ग्रंथकार चार ओळी लिहून पुढें जातो, त्याच्याविषयीं ऐकणारा चारशें ओळी मनांतल्या मनांत रचतो.

श्रोतेहो, एकलव्याला दुय्यम पात्र म्हटलेलें आपल्यापैकीं पुष्कळांना रुचणार नाहीं. परंतु लक्ष श्लोकांचा म्हणून गाजलेल्या महाभारतांत त्याची मुख्य कथा अवघ्या तीसएक श्लोकांत आटोपते. त्यानंतर तो ग्रंथांत इकडे तिकडे ओझरता दिसतो, आणि नाहींसा होतो. अशा या एकलव्याविषयीं अलीकडे एक प्रश्न वारंवार कानीं येतो : "एकलव्य हा श्रीकृष्णाचा चुलतभाऊ होता, हें खरें काय ?" प्रश्न विचारणारा बहुधा उत्तरही बरोबर घेऊनच आलेला असतो. कोणी सांगतो, ज्योतिष्यानें अशुभ भविष्य वर्तविल्यामुळें यादवांच्या घरचें हें मूल अरण्यांत टाकून देण्यांत आलें. कोणी सांगतो, निषादराज हिरण्यधनु हा जरासंधाचा सेनापति होता आणि द्रोणाला तें ठाऊक असल्यामुळें त्यानें विद्या नाकारली. एक धागा हातीं लागला कीं त्याचें लुगडें विणावयास कितीसा वेळ लागतो ? पण धागा मुळांत आहे, हें कबूल केलें पाहिजे. तो कोठला, किती लांब आणि किती बळकट, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

प्रथम आदिपर्व. कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून तिच्यांतील कुळाशीं संबंध असलेले धागेच मी वेगळे काढतों. निषादांचा राजा हिरण्यधनु याचा पुत्र एकलव्य द्रोणाकडे येतो. द्रोण त्याला शिष्य म्हणून घेत नाहीं. कारण ग्रंथकारानें लपविलेलें नाहीं : हा निषादाचा मुलगा आहे हा विचार, आणि जवळच्या इतर शिष्यांची भीड. एकलव्याच्या बुद्धीची किंवा हाताची परीक्षा तेथें कोणी घेतलेली नाहीं. पुढें तो अरण्यांत जातो, मातीचा द्रोण करतो आणि एकटाच शिकतो. पांडवांच्या शिकारी कुत्र्याच्या भुंकत्या तोंडांत सात बाण बसतात, तेव्हां राजपुत्र शोध घेत त्याच्यापाशीं येतात आणि विचारतात, तूं कोण आणि कोणाचा ?

त्याचें उत्तर दोन तुकड्यांचें आहे. निषादांचा अधिपति हिरण्यधनु याचा मी पुत्र, आणि द्रोणाचा मी शिष्य. पहिला तुकडा जन्माचा आहे, दुसरा विद्येचा आहे, आणि दोन्ही त्यानें एकाच श्वासांत सांगितले आहेत. त्यांपैकीं दुसरा ऐकून अर्जुनाची झोप उडाली. अंगठा गेला तो त्या दुसऱ्यापायीं. पहिल्याविषयीं त्या ठिकाणीं कोणालाही शंका आली नाहीं, आणि एकलव्याला तर मुळींच नाहीं.

याच्या शेजारीं कर्णाला उभा करून पाहावें. संशोधित आवृत्तींत एकलव्याची कथा आदिपर्वाच्या १२३ व्या अध्यायांत आहे. शस्त्रपरीक्षेचा रंग भरतो आणि कृपाचार्य कर्णाला त्याचें कूळ विचारतात तो प्रसंग १२६ व्या अध्यायांत. तेथें कर्णाची मान खालीं जाते. त्याला बोलतां येत नाहीं. पुढच्याच अध्यायांत दुर्योधन त्याची बाजू घेऊन म्हणतो, कीं शूरांचें आणि नद्यांचें मूळ कळणें कठीणच. द्रोण कलशांतून जन्मले, कृप बोरूच्या बेटांत सांपडले, आणि पांडवहो, तुमचे स्वतःचे जन्म कसे झाले तेंही आम्हांला ठाऊक आहे! आपल्या म्हणीचा हा जणूं पूर्वजच. ज्या सभेंत गुरूपासून शिष्यापर्यंत कोणाचाही जन्म सरळ सांगतां येण्याजोगा नाहीं, त्या सभेच्या उंबरठ्यावरून जो परत पाठविला गेला, तो मात्र बापाचें नांव विचारतांच सांगून मोकळा झाला होता.

आतां तो धागा. महाभारताला जोडलेला जो हरिवंश, त्यांत यादवांची वंशावळ येते. शूराला वसुदेव, देवभाग, देवश्रवा इत्यादि दहा पुत्र आणि पृथा, श्रुतश्रवा इत्यादि पांच कन्या. या पसाऱ्यांत एक श्लोक असा आहे, कीं 'नैषादि' म्हणून जो प्रसिद्ध आहे तो एकलव्य देवश्रव्यापासून जन्मला आणि निषादांनीं त्याला वाढविलें. झालें, धागा इतकाच. मात्र हा एक श्लोक खरा मानला, तर नात्यांचा केवढा घोटाळा होतो पाहा. देवश्रवा हा वसुदेवाचा भाऊ. म्हणून एकलव्य कृष्णाचा चुलतभाऊ. पृथा, म्हणजे कुंती, ही देवश्रव्याची बहीण. म्हणून तो अर्जुनाचा मामेभाऊ, आणि कर्णाचाही. श्रुतश्रवा ही शिशुपालाची आई. म्हणजे शिशुपालाचाही मामेभाऊच. ज्याच्यासाठीं अंगठा कापला तो आतेभाऊ, ज्यानें पुढें प्राण घेतला तो चुलतभाऊ ! कीर्तनकाराला याहून अधिक काय हवें ?

पण श्लोकांत काय नाहीं, तेंही मोजलें पाहिजे. आईचें नांव नाहीं. मूल टाकलें, हरवलें कीं दिलें, तें नाहीं. ज्योतिषी नाहीं, भविष्य नाहीं, अरण्यांतील रडणें नाहीं. हिरण्यधनूचाही उल्लेख नाहीं. आणि मौज अशी, कीं याच वंशावळींत लगतच दुसऱ्यांच्या घरीं गेलेल्या मुलांची नोंद आहे. वत्सावान् नांवाच्या निपुत्रिक भावाला वसुदेवानें पाणी सोडून आपला औरस पुत्र दिला. गंडूषालाही पुत्र नव्हता, त्याला कृष्णानें आपले मुलगे दिले. म्हणजे दान झालें असेल तेथें तसें स्पष्ट लिहिण्याची या वंशावळकाराची रीत आहे. एकलव्याच्या बाबतींत तो घेणाऱ्याचें नांव लिहीत नाहीं, देण्याचा विधि लिहीत नाहीं; "वाढविला" म्हणतो आणि पुढच्या नांवाकडे वळतो.

हा श्लोक मागाहून घुसडलेला म्हणून उडवून लावावा, तर तसेंही करतां येत नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या संशोधित आवृत्तीचें काम हातीं घेतलें. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. सर्व अठरा पर्वें १९६६ पर्यंत छापून निघालीं. त्यानंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं हरिवंश हातीं घेतला आणि १९६९ व १९७१ सालीं त्याचे दोन खंड प्रसिद्ध झाले. प्रचलित हरिवंशाचे सोळा हजारांवर श्लोक या चाळणींतून जातां जातां सुमारें सहा हजार उरले; अध्याय ११८ राहिले. एवढें सारें गळून पडलें, तरी देवश्रव्याचा हा श्लोक टिकला. म्हणजे तो हरिवंशाइतका जुना आहे. मात्र हरिवंश स्वतःच महाभारताचें खिल, म्हणजे पुरवणी आहे. तेव्हां प्रश्न असा उरतो : पुरवणीला ठाऊक असलेली गोष्ट मूळ ग्रंथाला ठाऊक होती काय ?

मूळ ग्रंथांत एकलव्य पुन्हां कांहीं ठिकाणीं भेटतो. राजसूय यज्ञांत कृष्णाला अग्रपूजा दिली म्हणून शिशुपाल खवळतो आणि हा मान ज्यांना द्यावयाचा होता अशांचीं नांवें घेतो. त्यांत रुक्मी आहे, शल्य आहे आणि एकलव्यही आहे. राजांच्या सभेंत एका निषादाचें नांव राजा म्हणून घेतलें जातें, आणि त्यावर कोणी हरकत घेत नाहीं. पण शिशुपाल जर त्याचा आतेभाऊ, तर तो हें कां म्हणत नाहीं, कीं यादवांतलाच अग्रपूजेचा मानकरी हवा होता तर हा घ्या ? भांडणाऱ्या मनुष्याला एवढा नेमका मुद्दा सांपडला असतां तो सोडील, असें शिशुपालाच्या एकंदर वक्तृत्वावरून वाटत नाहीं. त्याच पर्वांत पुढें दुर्योधन जळफळत सांगतो, कीं युधिष्ठिराच्या अभिषेकासाठीं कोणत्या राजानें काय आणलें; त्यांत एकलव्यानें पादत्राणें आणलीं होतीं. अंगठा गेलेल्या हातानें पांडवांच्या घरीं आणलेली ती भेट मला नेहमीं अंगठ्याच्या कथेहूनही बोचत आली आहे. असो. नात्याचा उल्लेख तेथेंही नाहीं.

उद्योगपर्वांत अर्जुन कृष्णाच्या पराक्रमांची यादी सांगतो. त्या यादींत निषादराज एकलव्याचा वध आहे. सर्वांत महत्त्वाचें स्थळ द्रोणपर्वांतील. घटोत्कच पडल्यावर कृष्ण आनंदित कां झाला, हें अर्जुनाला उलगडत नाहीं. तेव्हां कृष्ण आपला जुना हिशेब उघड करतो. जरासंध, चेदिराज आणि नैषादि हे तिघे आज जिवंत असते, तर दुर्योधनाच्या बाजूला गेले असते आणि अजिंक्य ठरले असते. नैषादीचा अंगठा द्रोणानें कपटानें काढून घेतला तो तुझ्याच हितासाठीं. अंगठा असता तर देवदानवांनाही तो आवरला नसता. अरण्यांत एकटा हिंडणारा तो वीर दुसऱ्या रामासारखा शोभत असे. आणि तुझ्यासाठींच मीं त्याला रणांत मारिलें. शत्रूची एवढी स्तुति कृष्णाच्या तोंडीं क्वचितच आढळते. पण या कबुलींतही तो त्याला भाऊ म्हणत नाहीं. नैषादिच म्हणतो.

महाभारताला गुप्त जन्माचें वावडें नाहीं. उलट तो त्या ग्रंथाचा आवडता विषय आहे. पण तेथें एक नियम दिसतो. जन्माचें रहस्य कोणाला तरी ठाऊक असतें, तें ऐन वेळीं बाहेर येतें, आणि बाहेर आलें कीं कथेचें पारडें हलतें. सत्यवतीला वाढविणारा दाशराज देवव्रताला स्वतःच सांगतो, कीं हें अपत्य तुमच्याच तोलाच्या आर्याचें आहे. ती उपरिचर वसूची कन्या असल्याचें कथेंत अगोदरच येऊन गेलेलें असतें. कर्णाचें रहस्य कृष्ण उद्योगपर्वांत त्याच्या कानांत घालतो आणि तो मेल्यावर कुंती तें सर्वांसमोर ओकते. युधिष्ठिराला त्या विजयाची चव पुन्हां लागत नाहीं. एकलव्याचें रहस्य कोणालाच ठाऊक नाहीं, कोणी तें सांगत नाहीं, आणि त्यामुळें कोठेंही कांहीं घडत नाहीं. असलें रहस्य कथेच्या पोटांतून आलेलें नसतें. तें वंशावळीच्या वहींतून आलेलें असतें.

वहींत तें कां लिहावेंसें वाटलें असेल ? एक कारण साधें, राजकारणाचें आहे. निषाद हे केवळ रानांतले पारधी नव्हते. त्यांचा देश होता. रुद्रदामन् क्षत्रपाच्या जुनागढच्या शिलालेखांत, म्हणजे शके ७२, इ. स. १५० च्या सुमारास, त्याच्या ताब्यांतील मुलखांची यादी आहे. तींत आनर्त, सुराष्ट्र, कच्छ, सिंधु-सौवीर यांच्याबरोबर आपलें अपरांत, म्हणजे कोंकणपट्टी, आहे आणि अपरांताला लागूनच निषाद हें नांव आहे. द्वारकेच्या परिसरांतील कुळांची वंशावळ रचणाऱ्याला असला शेजारी नजरेआड करणें शक्य नव्हतें. शेजारच्या बळकट राजाला आपल्या वंशवृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसविणें ही भाटांची सर्वकाळची विद्या आहे.

दुसरें कारण अधिक खोल आहे. आणि तें शास्त्रकारांनाही छळत होतें. वैदिक वाङ्मयांत एक रौद्र इष्टि 'निषादस्थपती'नें करावी असें वचन आहे. मीमांसकांना प्रश्न पडला, हा स्थपति कोण ? निषादांचा अधिपति, असा समासाचा विग्रह केला, तर तो स्वतः त्रैवर्णिक असूं शकतो आणि वेदाधिकाराची अडचण आपोआप मिटते. निषाद असलेला स्थपति असा विग्रह केला, तर मात्र अडचण कायम राहते. सोयीचा अर्थ पहिला होता. परंतु जैमिनीच्या सहाव्या अध्यायांतील या अधिकरणाचा निर्णय दुसरा आहे. शब्दाचा सरळ अर्थ लागत असतांना ओढाताण करूं नये. तो निषादच, आणि त्या एका इष्टीपुरता त्याला अधिकार आहे, असें शबरस्वामी सांगतात. शास्त्राचा एवढा कडक पुरस्कर्ता जेथें सोय नाकारतो, तेथें वंशावळकारानें ती पत्करली. निषादांचा राजपुत्र अर्जुनाहून सरस धनुर्धर. मग तो निषाद कसा असेल? निषादांत वाढलेला असेल. समास बदलला कीं मन शांत झालें.

ही युक्ति काहीं आपल्याच देशाची नव्हे. ओटो रांक नांवाच्या व्हिएन्नाच्या पंडितानें १९०९ सालीं वीरांच्या जन्मकथांवर एक पुस्तक लिहिलें; त्यांत अक्कडचा सार्गोन आणि इराणचा कुरुश यांच्या पंक्तीला त्यानें आपल्या कर्णालाही बसविलें आहे. उच्च कुळांत जन्म, त्याग, हीन मानलेल्या घरीं संगोपन आणि अखेर मूळ घरीं परत, असा तो सांचा. आणि ही हौस पुराणकाळाबरोबर संपलेली नाहीं. काशीच्या निरू आणि निमा या जुलाहा दांपत्याच्या घरीं वाढलेल्या कबीराला पुढच्या कथाकारांनीं ब्राह्मण विधवेच्या पोटीं घातलेंच ना ? विणकराच्या घरांत एवढी वाणी उपजेल, हें त्यांना पटेना.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कोणी म्हणेल, कीं हरिवंशाचा श्लोक निषादांना हलकें लेखीत नाहीं; उलट यादवाचें मूल निषादाच्या मांडीवर वाढूं शकतें, ही त्या काळची मोकळीक तो दाखवितो. या म्हणण्यांत तथ्य आहे. द्वैपायन व्यासाची आई कोळ्याच्या घरीं वाढली होती, हें विसरून महाभारत वाचतांच येत नाहीं. शिवाय त्या श्लोकानें द्रोणाच्या नकाराला एक विलक्षण धार येते : ज्याला निषाद म्हणून परत पाठविलें, तो खरोखर वृष्णि निघाला ! नाटककाराला हा प्रवेश लिहिण्याचा मोह होणें अगदीं स्वाभाविक आहे. पण तो प्रवेश रंगला कीं प्रेक्षक ज्या गोष्टीबद्दल हळहळूं लागतात ती बदलते. द्रोणाकडून माणूस ओळखण्यांत चूक झाली, एवढाच दोष मग उरतो; निषादाला विद्या नाकारली, हा दोष राहत नाहीं. आणि हिरण्यधनूच्या हातीं काय उरतें ? आदिपर्वानें त्याला एकच गोष्ट दिली होती, असा मुलगा. ती सांभाळावयास दिलेली ठेव ठरते. म्हणून हा श्लोक कितीही जुना असला, तरी त्याला आदिपर्वाचें भाष्य मानण्यास मी तयार नाहीं.

उरल्या तर्कांपैकीं एकाचा उल्लेख करून ठेवतों, कारण तो फार पसरलेला आहे. भीष्मपर्वांत केतुमान् नांवाचा निषाद राजपुत्र कलिंगांच्या बाजूनें लढतांना भीमाच्या हातून मरतो. तोच एकलव्याचा मुलगा, असें सांगतात. ग्रंथांत तसा शब्द नाहीं. एकलव्याला मुलगा होता हें मात्र खरें. तो आश्वमेधिक पर्वांत येतो, आणि त्याचें नांव ग्रंथकारानें दिलेलें नाहीं.

युद्ध संपून गेलें आहे. यज्ञाच्या घोड्यामागून अर्जुन देशोदेशीं हिंडत आहे. युधिष्ठिरानें त्याला बजावून ठेविलें आहे, कीं युद्धांत ज्यांचे आप्त मेले त्या राजांना होतां होईल तों मारूं नकोस. सिंधुदेशांत दुःशला आपल्या लहानग्या नातवाला घेऊन रणांत येते, तेव्हां अर्जुन बहिणीला पाहून धनुष्य खालीं ठेवतो. पुढें दशार्ण देश ओलांडून घोडा निषादांच्या राज्यांत शिरतो. एकलव्याचा मुलगा निषादांसह त्याला अडवितो. अंगावर कांटा यावा असें युद्ध होतें, अर्जुन जिंकतो, आणि नैषादीचा सत्कार स्वीकारून दक्षिणेकडे निघून जातो. बापाप्रमाणें मुलालाही ग्रंथकारानें नैषादिच म्हटलें आहे. त्याच अध्यायांत घोडा सुराष्ट्रावरून प्रभासाला आणि तेथून द्वारकेला पोंचतो. यादवांचीं पोरें घोडा धरण्यास धांवतात, तेव्हां उग्रसेन त्यांना आवरतो. आणि वेशीबाहेर अर्जुनाला भेटावयास त्याच्याबरोबर म्हातारा वसुदेव येतो, कारण अर्जुन त्याचा भाचा आहे. हरिवंश खरा मानला, तर थोड्याच श्लोकांपूर्वीं अर्जुनाशीं लढून हरलेला तो निषाद तरुण याच वसुदेवाच्या सख्ख्या भावाचा नातू होय. त्याची विचारपूस वसुदेव करीत नाहीं, आणि अर्जुनही ती गोष्ट काढीत नाहीं.